चार बॅटी, बॉल नाही

लग्नानंतर नवागामच्या आमच्या खोलीत बायकोची पेटी उघडली तेव्हा साड्यांच्या तळाला एक चामड्याचा मोठा पंजा निघाला. मला वाटलं, चुलीवरची गरम भांडी धरायचं काहीतरी असेल. तिने तो डाव्या हातात घातला, उजव्या हाताची मूठ त्यात आपटली आणि म्हणाली, "बेसबॉलचा ग्लोव्ह आहे. आधी सॉफ्टबॉल खेळायचे, मग बेसबॉल. जिल्ह्याच्या टीममध्ये होते मी."

मी सुरतेत वाढलो. वडील खानदेशातून लूमवर कामाला आले, आम्ही भावंडं इथल्याच गल्ल्यांतून मोठी झालो, आणि गल्लीत फक्त क्रिकेट होतं. बेसबॉल मला तिने शिकवला. म्हणजे नियम शिकवले. खेळायचं म्हणाल तर आजही चेंडू माझ्या बॅटच्या जवळून जातो, बॅटला लागत नाही. पण नियम कळले आणि मी त्या खेळाचा असा भक्त झालो की तिलाच कंटाळा यायला लागला. अमेरिकेत रात्री चालणारे सामने आपल्याकडे सकाळी दिसतात. मी कडोदऱ्याच्या एका मिलमध्ये फोल्डिंग खात्यात सुपरवायझर आहे. ड्युटीवर निघायच्या आधी चहाचा कप आणि मोबाईल घेऊन मी ओट्यावर बसतो आणि मॅच बघतो. शेजारचे काका त्याच वेळी पेपर घेऊन त्यांच्या ओट्यावर बसतात. ते रेल्वेतून रिटायर झालेत. त्यांच्या घरात दारासमोरच बाबासाहेबांचा फोटो आहे, आणि कुठल्याही गोष्टीवर वाद घालायला ते एका पायावर तयार असतात.

माझी मतं पक्की आहेत. होमरन ही बेसबॉलमधली सगळ्यात कंटाळवाणी गोष्ट आहे असं मी मानतो. चेंडू लांब गेला, लोक ओरडले, संपलं. त्यापेक्षा एखादा खेळाडू मुद्दाम हळू मारतो, स्वतः आऊट होतो आणि त्यामुळे त्याचा पुढे उभा असलेला साथीदार एक टप्पा सरकतो, ते मला आवडतं. या खेळाला घड्याळ नाही. शेवटचा माणूस आऊट होईपर्यंत सामना जिवंत. आणि नंबर आला की प्रत्येकाला बॅट मिळते, कितीही कच्चा असो.

"आणि चोरी चालते म्हणे तुझ्या खेळात," काका एकदा म्हणाले. मी मागे बेस चोरण्याबद्दल, म्हणजे कुणी चेंडू मारायच्या आतच पळत पुढचा टप्पा गाठण्याबद्दल सांगितलं होतं, ते त्यांनी बरोबर लक्षात ठेवलं.

"काका, ती नियमातली चोरी आहे."

"मग ती चोरी नाही. तिला दुसरं नाव द्या."

पेपरमध्ये आठवड्यातून एकदा तरी बातमी असतेच: बेसबॉलच्या दांडक्याने मारहाण. कधी पार्किंगवरून, कधी भाड्यावरून. ते दांडकं शब्द वाचला की माझं डोकं फिरायचं. "बॅट म्हणा ना," मी पेपरशीच भांडायचो. बॅट घ्यायला मी शहरातल्या एका स्पोर्ट्सच्या दुकानात गेलो होतो, तेव्हाची गोष्ट मी काकांना कितीदा तरी सांगितली असेल. दुकानात दारातच बेसबॉलच्या बॅटी पिंपात उभ्या करून ठेवलेल्या, छत्र्या ठेवतात तशा. मी बॅट उचलली आणि बॉल मागितला. दुकानदार माझ्याकडे बघत राहिला. "बॉल? बॉल तर कोणी मागत नाही. बॅट लोक गाडीत ठेवायला नेतात." बॉल आणि जास्तीचे ग्लोव्ह शेवटी बायकोने माहेराहून मागवले.

त्यावरून मी माझा सिद्धांत तयार केला होता. माणूस गरिबीने गुन्हा करत नाही, तसं असतं तर अख्खं नवागाम लॉकअपमध्ये असतं. बारा तास लूमवर उभं राहायचं, खोलीत आठ जण, आणि सगळ्या आठवड्यात आपला नंबर आला असं कुठेच वाटत नाही. तो नंबर माणूस मग कुठेतरी जबरदस्तीने घेतो. काकांना हे पटत नव्हतं. "अरे, मारायला जाणाऱ्याचं काय विचारतोस? पाठवणारा कोण ते विचार. जाणारा पेपरात येतो, पाठवणारा घरी चहा पितो."

या वादात बायको सहसा पडत नसे.

माझा सिद्धांत खरा करायचा म्हणूनच म्हणा, मिलमधल्या काही जणांना घेऊन मी रविवारी खेळ सुरू केला. कडोदऱ्याला मिलच्या मागे मोकळा प्लॉट आहे, शेजारी बाभळी. सगळे तिशी-चाळिशीतले बाप्ये, पोटं सुटलेले. शिकवायला बायको. पहिल्या दिवशी लाजले, दुसऱ्या रविवारी "वहिनी, हे बरोबर का?" असं विचारायला लागले. त्यांच्यात वार्पिंगवरचा, ताण्याचे धागे गुंडाळणारा, एक उंच माणूस होता. त्याचा हात असा होता की चेंडू प्लॉटच्या एका टोकाकडून थेट दुसऱ्या टोकाला जायचा. बायको म्हणाली, हा लहानपणी सापडला असता तर खेळाडू झाला असता. पण दोनच रविवार तो आला. मग त्याने दुसऱ्या युनिटमध्ये काम धरलं, तिथली सुट्टी वेगळ्या वारी होती.

त्या रविवारी मी बाईकवर पुढे निघालो. चारही बॅटी गोणीत घालून मागे बांधल्या, मुठी बाहेर डोकावत होत्या. गोणीत जागा उरली नाही म्हणून ग्लोव्ह आणि बॉलची पिशवी बायकोकडे राहिली. ती स्वयंपाक आटपून शटल रिक्षाने मागून येणार होती, आणि काकांना एकदा हा खेळ डोळ्यांनी बघायचा होता म्हणून तेही तिच्याबरोबर.

हायवेच्या अलीकडे पोलीस गाड्या थांबवत होते. एरवी हेल्मेट बघतात आणि सोडतात. हवालदाराने गोणीवर हात ठेवला, दाबून बघितलं आणि माझ्या बाईकची चावीच काढून घेतली.

"नीचे उतर."

आदल्या दिवशी त्याच रस्त्यावरच्या एका फरसाणच्या दुकानावर तीन-चार जण बॅटी घेऊन चालून गेले होते. काचा फोडल्या, तेलाची कढई उलटवली, मालकाचा हात मोडला. हे मला चौकीत बसल्यावर कळलं. तोपर्यंत माझा मोबाईल काढून घेतलेला आणि माझ्या बॅटी टेबलावर ओळीने मांडलेल्या. त्या तशा मांडलेल्या बघितल्यावर माझ्याही मनात पहिला शब्द दांडकी हाच आला.

साहेब तरुण होते, गुजराती. आवाज चढवत नव्हते, त्याचीच जास्त भीती वाटत होती.

"या कशाला?"

"साहेब, खेळायला. बेसबॉल."

"क्रिकेट रमता नथी आवडतुं?"

"येतं साहेब. पण आम्ही हे खेळतो."

त्यांनी एक बॅट उचलून वजन बघितलं. तिच्यावर ठिकठिकाणी खपल्या निघालेल्या. त्यांनी त्या जागेवरून अंगठा फिरवला. मी सांगायला गेलो की चेंडू लागून असं होतं, पण ते पुढचं विचारायला लागले होते.

"अच्छा. बॉल क्यां छे?"

मी म्हणालो, "घरवाळीकडे."

चौकीतले सगळे हसले. साहेब हसले नाहीत. "चार बॅट तुझ्याकडे, आणि बॉल बायकोकडे?"

मला तेव्हा स्वतःचंच हसू यायला हवं होतं. स्पोर्ट्सच्या दुकानदाराने सांगितलेलं सगळं मी ज्या ऐटीत काकांना ऐकवायचो, तेच आता माझ्यावर आलेलं. बॅट आहे आणि बॉल नाही, तो मारणारा. मी साहेबांच्या जागी असतो तर मीही मला बसवूनच ठेवलं असतं.

बाकावर बसून राहिलो. एक माणूस मोबाईल हरवल्याची तक्रार द्यायला आला, देऊन गेला. चहावाला आला, सगळ्यांना चहा दिला, मलाही विचारलं. हवालदार म्हणाला, दे त्याला पण. मी कप तसाच हातात धरून बसलो. मिलमध्ये कळलं तर काय, गल्लीत कळलं तर काय, हे डोक्यात फिरत होतं. पण खरी भीती वेगळी होती. साहेब म्हणाले होते, दुकानवाला इस्पितळातून निघालाय, तो येऊन बघेल. हात मोडलेला, रात्रभर कळा सोसलेला, रागावलेला माणूस. त्याच्यासमोर बॅटी आणि बॅटींचा मालक. त्याने नुसती मान डोलावली तर मी कुणाला काय सांगणार होतो?

बायको आली ती दारातूनच बोलत आली. प्लॉटवर मी नव्हतो, फोन बंद. ज्या रिक्षाने आली त्याच रिक्षाने परत फिरली, वाटेत चौकीबाहेर माझी बाईक उभी दिसली. मागे काका, हातात पिशवी, धापा टाकत.

"साहब, ये मेरे मिस्टर हैं," ती हिंदीत म्हणाली. "इनको पकडा क्यूं?"

"तुमच्याकडे बॉल आहे?"

तिने काकांच्या हातातली पिशवी घेतली आणि टेबलावर उलटी केली. ग्लोव्ह पडले, दोन बॉल घरंगळत जाऊन हवालदाराच्या पायाशी थांबले. त्याने एक उचलून दाबून बघितला. "बहु कडक छे," तो म्हणाला.

काकांनी सुरुवात केली, "साहेब, मी या माणसाला कित्येक वर्षं ओळखतो. वाद घालतो, पण मुंगी मारणार नाही." साहेबांनी हाताने त्यांना थांबवलं. ते बायकोला म्हणाले, "दाखवा."

"काय?"

"कसं खेळतात ते."

चौकीच्या मागे जप्त केलेल्या गाड्यांमध्ये जरा मोकळी जागा होती. बायकोने पदर कमरेला खोचला, चपला काढून भिंतीला लावल्या आणि ग्लोव्ह घातला. मला म्हणाली, "नीट टाका. हात हलतोय तुमचा."

माझा पहिला चेंडू तिच्या डोक्यावरून गेला असता, पण तिने उडी मारून तो धरला. फाट असा आवाज झाला. तिने लगेच परत फेकला, कानाजवळून हात नेऊन, सरळ. चामड्यावर चेंडूचा तो आवाज दोन-चार वेळा ऐकला आणि माझा श्वास जागेवर यायला लागला. आतले पोलीस एकेक करून दारात आले. हवालदाराने दुसरा ग्लोव्ह मागितला. तिने त्याला तो कुठल्या हातात घालायचा ते सांगितलं, आणि त्याच्याकडे अगदी हळू, खालून चेंडू दिला. त्याने धरला आणि साहेबांकडे बघितलं, शाबासकी मिळेल म्हणून.

"ठीक आहे," साहेब म्हणाले. "खेळता हे कळलं. पण खेळणारा मारत नाही असं कुठे लिहिलंय? दुकानवाळो आवे, जुए, पछी." म्हणजे दुकानवाला येऊन बघेल, मगच सुटका.

त्यांचं बरोबर होतं. मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं.

दुकानदार आला. साठीचा माणूस, बारीक, हात प्लास्टरमध्ये गळ्यात बांधलेला, शर्टाला कालच्या तेलाचे डाग. त्याच्या मुलाने त्याला धरलं होतं. टेबलावरच्या बॅटी बघितल्या आणि तो जागच्या जागी थांबला, एक पाऊल मागे सरला. मुलगा माझ्याकडे बघून दात खायला लागला. "बापुजी, आ ज हशे," मुलगा म्हणाला. हाच असेल.

म्हाताऱ्याने मला उभं राहायला सांगितलं. मी उभा राहिलो. मग चालायला सांगितलं. मी भिंतीपर्यंत गेलो आणि परत आलो. बायकोने काकांचा दंड धरला होता ते मला दिसलं. म्हाताऱ्याने चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने एका हातानेच पुसला, परत लावला आणि माझ्या अगदी समोर येऊन उभा राहिला. त्याच्या अंगाला मलमाचा वास येत होता. त्याने आपल्या चांगल्या हाताचा पंजा माझ्या डोक्यावर धरला, उंची मापतात तसा.

"आ नथी," तो म्हणाला. "पेलो तो ऊंचो हतो."

आयुष्यभर मी माझ्या उंचीवरून बोलणी खाल्ली. शाळेत पहिल्या रांगेत, लग्नाच्या फोटोत पाटावर उभा. त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, देवाने मोजूनमापून दिलं. मी न विचारता बाकावर बसलो. बायको रडली नाही, पण खाली बसून ग्लोव्ह पिशवीत भरताना तिने एक ग्लोव्ह दोनदा काढला आणि दोनदा घातला. काका मोठ्याने "चला!" म्हणाले, जणू गाडीला हिरवा झेंडा दाखवतायत.

साहेबांनी सह्या घेऊन बॅटी परत दिल्या. मोबाईल हातात देताना म्हणाले, "बॉल साथे राखो." मी म्हणालो, राखीन.

आम्ही घरी जायला हवं होतं. पण मोबाईल चालू केल्यावर प्लॉटवरून फोनावर फोन. माणसं तिथेच बसून होती. गेलो. ऊन डोक्यावर आलेलं, निम्मे बाभळीखाली आडवे झालेले. मी सगळं सांगितलं, तसे सगळे एकदम बोलायला लागले, आणि कुणीतरी म्हणालं, आता आलोच आहोत तर खेळूया. माझी पाळी आली तेव्हा माझे तीनही चेंडू हुकले. बाद होऊन परत येताना मी मोठमोठ्याने हसत होतो. काका सावलीत बसले होते, त्यांनी विचारलं, "अरे, हरलास ना?" अंगावरचं ओझं उतरल्यासारखं झालं होतं आणि ऊनसुद्धा चांगलं वाटत होतं.

घरी आई दारात वाट बघत होती. "कथा गया व्हता रे भाऊ?" तिने विचारलं. बायकोच म्हणाली, "मॅच लांबली, आई." जेवलो आणि भर दुपारी असा झोपलो की संध्याकाळी गल्लीत कोण भांडून गेलं तेही कळलं नाही.

तीन-चार दिवसांनी मिलमध्ये बातमी आली. माणसं पकडली गेली होती, आणि त्यांच्यातला उंच तो आपला वार्पिंगवरचा होता. दुकान रिकामं करून घ्यायला मालकाच्या एका भाऊबंदाने ती माणसं धाडली होती, असं लोक म्हणत होते. मी ओट्यावर काकांना सांगितलं. मला वाटलं, ते म्हणतील, बघ, पाठवणारा. त्यांनी नुसता पेपर घडी करून बाजूला ठेवला.

"त्याची सुट्टी बदलली नसती, तर तो आपल्यात असता," मी म्हणालो.

"किंवा रविवारी तुझ्यात आणि शनिवारी त्यांच्यात."

"काका, त्याला आपल्याकडे नंबर मिळत होता."

"मिळत होता. पण तिकडे त्याला कुणीतरी बोलावलं होतं. तू बोलावलंस का सुट्टी बदलल्यावर?"

बायको दाराशी भाजी निवडत होती. एरवी न बोलणारी ती, त्या दिवशी बोलली. "तुम्ही दोघं कारणं शोधता. पण बॅट जोरात फिरवली आणि ती नेमकी लागली की हाताला काय वाटतं, ते तुम्हा दोघांना माहीत नाही. मला माहीत आहे. खांद्यापर्यंत गोड मुंग्या येतात. परत मारावंसं वाटतं. समोर चेंडू असला तर खेळ. नसला तर..." ती मेथीची जुडी सोडवत राहिली.

मला तिचं म्हणणं पूर्ण पटलं नाही. काकांचंही नाही, आणि आता माझं स्वतःचंही आधीसारखं पटत नाही. त्या माणसाचा तो लांब फेकलेला चेंडू मला अधूनमधून आठवतो आणि वाईट वाटतं. पण खरं सांगायचं तर त्याहून जास्त वेळा आठवतो तो म्हातारा. मुलगा कानाशी हाच असेल म्हणत असताना, हाताला कळा येत असताना, त्याने चष्मा पुसला. नुसती मान डोलावणं किती सोपं होतं.

प्लास्टर निघायच्या सुमारास मी ड्युटीवरून येताना त्याच्या दुकानात गेलो. नवी काच लागली होती, तिच्यावरचा कागद अजून काढलेला नव्हता. गर्दी होती. माझा नंबर आल्यावर मी फाफडा मागितला. त्याने माझ्याकडे बघितलं, पण ओळखलं नाही.

"काका, चौकीत तुम्ही मला बघितलं होतं," मी म्हणालो. "बॅटवाला."

त्याने काउंटरवरून वाकून माझ्या पायांपासून डोक्यापर्यंत नजर फिरवली आणि हसला. "हा, हा. नानो माणस." म्हणजे बुटका. मुलाला हाक मारून म्हणाला, याला गरम काढून दे.

मला आभार मानायचे होते. वाटभर वाक्य जुळवत आलो होतो. पण मागे लोक उभे होते, तो तोलायला लागला होता, आणि माझ्या तोंडून एवढंच निघालं, "हात आता कसा आहे?"

"वळतो," तो म्हणाला आणि वळवून दाखवला.

घरी आल्यावर बायकोने पुडी उघडली. "भेटले का? काय म्हणाले?"

"काही नाही," मी म्हणालो. "चटणी जास्त दिलीय."